रुक्माबाईंचा फिरता रॅम्प

खुशाल गुरुजींचं म्हणणं होतं की उताराचा प्रश्न हा मुळात चौथीच्या गणिताचा प्रश्न आहे, आणि चौथीच्या गणिताला माणसानं घाबरू नये. गोंदियातल्या त्यांच्या गल्लीला हे पटलं नाही. गल्लीच्या मते प्रश्न रुक्माबाईंच्या हट्टाचा होता, आणि त्याला गणित नव्हे, चार दणकट माणसं लागत होती.

रुक्माबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. लकव्यात त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत बसत. त्यांची मैत्रीण जमुनाबाई टेंभरे दवनीवाड्याला राहायची. मार्गशीर्षात ती न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, या वयात आता काही करू नका, घरीच ठेवा, काय आवडतं ते खाऊ घाला. आवडतं ते खाऊ घाला असं डॉक्टर कधी म्हणतात, हे सगळ्यांना माहीत असतं. रुक्माबाईंनाही माहीत होतं. फोनवर भागण्यासारखं नव्हतं, कारण जमुनाबाईला ऐकू कमी. ती फोन संपेपर्यंत "हॅलो, कोन बोलून राहिलं?" एवढंच विचारायची, आणि उत्तर ऐकू आलं नाही की रागावून फोन ठेवून द्यायची.

तेव्हा जायला हवं होतं, आणि लवकर. अडचण एवढीच, की जमुनाबाईच्या घराचं जोतं माणसाच्या मांडीला लागेल एवढं उंच. धानाच्या गावात पावसाळ्यात पाणी कुठवर चढेल याचा नेम नसतो, म्हणून घरं अशी उंचावर बसलेली.

"उचलून नेऊ," गुरुजी सहज म्हणाले.

"नाही," रुक्माबाई म्हणाल्या. "मांगं त्या लग्नात उचललं होतं मले. एक म्हने कोपरा पकड, दुसरा म्हने हळू, भिताडाले लागंल. मी का आलमारी हावो? जमुनीच्या घरी मी पाहुनी म्हून जाईन. माह्या चाकावर. नाही तं जानार नाही."

त्या लग्नात कोपरा पकडणाऱ्यांमध्ये गुरुजी स्वतः होते.

म्हणून रॅम्प. पण तो एका जागी बसवलेला नव्हे. जमुनाबाईकडून परतल्यावर आणखी कोणाकडे जावंसं वाटलं, तर सोबत नेता येईल असा, फिरता. गुरुजींनी खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवर आकृती काढली. गल्लीतली पोरं जमलीच. गुरुजी निवृत्त झाले होते, पण त्यांच्या हातात खडू दिसला की पोरं अजून मांडी घालून बसत. त्यांनी पोरांना शांतपणे समजावलं: एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबी हवी, म्हणजे खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागत नाही आणि बसणाऱ्याला भीती वाटत नाही. मग जमुनाबाईचं जोतं मांडलं. रेघ ओढत ओढत गुरुजी फरशी संपून रस्त्यावर आले, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या रामलाल किराणावाल्याच्या दुकानात शिरले.

"क्या हुआ, गुरुजी? शक्कर?" रामलालने विचारलं.

"नाही. रॅम्प," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न कदाचित पाचवीचा असेल.

रामलाल हा सल्ल्याच्या बाबतीत उदार माणूस. उधारीच्या बाबतीत तो जितका सावध, तितकाच सल्ल्याच्या बाबतीत मोकळा. "गुरुजी, आप टेंसन मत लो," म्हणून त्याने गोदामातून सागाची जाडजूड फळी काढली. पायऱ्यांवर टाकायची, खुर्ची वर, काम खतम. गुरुजी म्हणाले, आधी प्रयोग करून पाहू, रुक्माला एकदम बसवायचं नाही. मग खुर्चीत कोणी बसायचं? पोरं हलकी पडतील, तांदळाचं पोतं घसरेल. शेवटी दुकानाच्याच पायऱ्यांवर फळी टाकली आणि रामलाल स्वतःच बसला. रामलालचं वजन हा गल्लीत आदराचा विषय होता. दोघातिघांनी ढकलत त्याला फळीच्या मध्यावर आणलं, आणि तिथे फळी अशी वाकली की पुढेही चढ आणि मागेही चढ. खुर्ची खळगीत बसली. पुढे जाईना, मागे येईना. रामलाल वर अधांतरी बसून गिऱ्हाइकांना सांगत राहिला, "हां हां, दाल अंदर है, खुद ले लो." अर्ध्या गल्लीने ती डाळ न मोजता नेली, असं तो पुढे बरेच दिवस म्हणत असे.

रुक्माबाई खिडकीतून पाहत होत्या. त्या हसल्या. लकव्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूने येई. गुरुजींनी ते पाहिलं आणि फळीचा राग गेला.

दरम्यान कोणीतरी सांगितलं की अशा वस्तू सरकार देतं. गुरुजी एका कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रॅम्प कुठे बसवायचा?"

"बसवायचा नाही. जिथे जाऊ तिथे न्यायचा."

"म्हणजे इमारत नाही."

"इमारत दुसऱ्याची."

"दुसऱ्याच्या इमारतीला रॅम्प तुम्ही कसा मागता? आणि नेता येतो, म्हणजे ते वाहन झालं. वाहनाचं खातं वेगळं."

"त्याला चाकं नाहीत. चाकं खुर्चीला आहेत."

"मग तुम्ही खुर्ची मागा ना. खुर्च्या आहेत आपल्याकडे."

गुरुजींनी जन्मभर ढ पोरांना न रागावता शिकवलं होतं. त्यांनी बाबूंनाही पुन्हा पहिल्यापासून समजावलं. बाबूंना अखेर समजलं, अगदी नीट समजलं, आणि ते म्हणाले की असं काही नाही.

मग गुरुजी कोहमारा गावी गेले. चौरस्त्यावर ट्रकची बॉडी बांधणारा जागेश्वर मिस्त्री गुरुजींचा जुना विद्यार्थी होता. त्याने ऐकूनच घेतलं नाही. "गुरुजी, तुमी फकस्त चा प्या. बाईसाठी असा बनवतो का सात पिढ्या वाकनार नाही."

त्याने शब्द पाळला. रॅम्प आला तो जाड खरबरीत पत्र्याचा, खाली लोखंडी पट्ट्या, दोन्ही कडांना लाल-पिवळे पट्टे, कोपऱ्यात कमळ, आणि नजर लागू नये म्हणून काळा गोंडा. बारा चाकांचा ट्रक गेला असता तरी तो वाकला नसता. ट्रकमधून तो उतरवायला चार माणसं लागली. चौथा माणूस घाम पुसत म्हणाला, "गुरुजी, हे उचलन्यापेक्षा बाईलेच उचललं असतं तं?"

हे सगळ्यांच्या मनात होतंच. त्याने फक्त बोलून दाखवलं. जागेश्वरचा गुरुजींना राग आला नाही. वजन किती असावं हे त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. प्रश्नच अर्धा विचारला, तर उत्तराला दोष कसा द्यायचा?

तो रॅम्प तिथेच गुरुजींच्या दारात राहिला. पोरांनी त्याची घसरगुंडी केली. बायकांनी त्यावर वड्या वाळत घातल्या. रामलाल त्यावरून आपली स्कूटर गुरुजींच्याच ओसरीत चढवू लागला आणि म्हणू लागला की गुरुजींनी गल्लीसाठी काम केलं. इतक्यात पौष लागला. दवनीवाड्याहून जमुनाबाईचा मुलगा ओमेश्वर याचा फोन आला. आई आता पेजच घेते, आणि झोपेत रुक्माबाईंचं नाव घेते.

त्या दिवशी गुरुजींनी गणित बाजूला ठेवलं आणि नागपूरची गाडी पकडली. तिथे दवाखान्याचं सामान विकणाऱ्या एका दुकानात त्यांना हवी ती वस्तू सापडली: ॲल्युमिनियमच्या दोन लांब पन्हळी, एकेका चाकाखाली एकेक, मधोमध मोकळी जागा, म्हणजे ढकलणाऱ्याला पायऱ्यांवरून चालता येईल. इतक्या हलक्या, की एक म्हातारा माणूस दोन्ही बगलेत मारून नेऊ शकतो. चढ थोडा उभा होणार होता, पण ढकलायला माणूस असला तर चालण्यासारखा. गुरुजींनी दुकानातच टेप काढून पन्हळीची रुंदी मोजली, चाकाची मोजली, लांबी मोजली. दुकानदार कंटाळला. गुरुजी म्हणाले, "यावेळी चूक नको."

रविवारी टेम्पो केला. रुक्माबाईंनी जांभळी साडी नेसली. वाटभर त्या कापलेल्या धानाच्या शेतांकडे पाहत होत्या. दवनीवाडा दिसायला लागला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मले पाहून थे रडंल. तुमी मांगं राहा."

पाहुणे येणार म्हणून ओमेश्वरच्या बायकोने, योगेश्वरीने, पहाटेच अंगणात शेणाचा सडा टाकला होता, आणि तो अजून ओला होता. पन्हळी लावल्या. गुरुजी खुर्ची पुढे घेणार तोच ओमेश्वर म्हणाला, "थांबा गुरुजी. नवी वस्तू हाय. ट्रॅक्टर आनला तवा बी आमी असंच केलं होतं." आणि त्याने पन्हळीवर हळदीकुंकू लावून नारळ फोडला. गुरुजींच्या घरी अशा गोष्टी करत नाहीत, पण दुसऱ्याच्या दारात दुसऱ्याचा मान ठेवावा म्हणून त्यांनी पन्हळी धरून ठेवल्या. नारळाचं पाणी पन्हळीतून सरळ खाली वाहत गेलं. एवढ्या सफाईने, की उतार बरोबर होता हे सिद्ध झालं.

खुर्ची चढली. अर्ध्यावर आली आणि चाक नारळाच्या पाण्यावर घसरलं, खाली पन्हळींची टोकं सड्यावरून सरकली. रुक्माबाई मध्येच तिरप्या लटकल्या.

"सोडा," ओमेश्वर ओरडला, "उचलून घेतो!"

"हात लावाल तं पाहा!" रुक्माबाई वरून म्हणाल्या.

शेवटी योगेश्वरीने टोपलीभर धानाचा कोंडा आणून पन्हळीत आणि सड्यावर पसरला. चाकांना पकड आली. ओमेश्वर मागून ढकलत होता, गुरुजी खाली पन्हळी धरून होते, आणि रुक्माबाई डाव्या हाताने डावं चाक स्वतः ओढत होत्या. त्यामुळे खुर्ची जरा वाकडी चालत होती. मग खुर्ची ओसरीवर आली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी कोंडा गेला असं दाखवत डोळे पुसले.

आतल्या दारातून आवाज आला, "रुक्मे, आली का वं?"

"आली, आली!" रुक्माबाईंनी चाक ओढलं. खुर्ची दारापाशी गेली आणि ठक्क करून थांबली. पुन्हा ओढलं, पुन्हा ठक्क. दार जुनं सागवानी, अरुंद. दोन्ही चाकं चौकटीला अडली होती.

गुरुजींनी जोतं मोजलं होतं. अंगण, पन्हळी, चाक, चाकाची जाडी, सगळं मोजलं होतं. दार मोजलं नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलं होतं की उदाहरण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडवायला बसू नका.

"उचलून..." ओमेश्वर म्हणू लागला आणि रुक्माबाईंचा चेहरा पाहून थांबला.

त्या चेहऱ्याचं कारण गुरुजींना माहीत होतं, ओमेश्वरला नव्हतं. गुरुजींची इथल्या शाळेत बदली झाली तेव्हा गावात रुक्माबाईंना ओसरीपर्यंतच बोलवत. बसा म्हणत, चहा देत, वेगळ्या कपात, आणि बोलणं ओसरीवरच संपवत. एके दिवशी जमुनाबाईने, तेव्हा ती नवी सून होती, सासूच्या देखत रुक्माबाईंचा हात धरला आणि त्यांना या दारातून सरळ चुलीपाशी नेऊन बसवलं. सासू महिनाभर बोलली नाही. जमुनाबाई म्हणाली, तेवढीच शांतता. त्या दिवसापासून रुक्माबाई या घराच्या ओसरीवर कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या होत्या.

"काऊन थांबली वं?" आतून जमुनाबाई.

"खुर्ची शिरून नाही राहिली, जमुने. दार लहान पडलं," रुक्माबाई मोठ्याने ओरडल्या.

मग आवाज आला, "मंग मलेच बाहेर काढा."

योगेश्वरी दचकली. "आई, तसं नोका बोलू! बाज ओसरीत काढली तं गाव काय म्हनंल?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजारी म्हाताऱ्या माणसाची बाज दाराबाहेर आली, की गावात तिचा एकच अर्थ होतो.

"मेल्यावर काढनारच हावा ना?" जमुनाबाई म्हणाली. "आज जिती हावो तं एकडाव काढून पाहा."

मग वाद लागला की आधी पाय काढायचे की डोकं. पाय आधी नकोत, ते अशुभ. डोकं आधी काढलं तर बाज ओसरीत वळत नाही. ओमेश्वर घामाघूम. "डोस्कं पुढं करा," जमुनाबाई बाजेवरून सांगत होती, "अन् मांगून बाज तिरपी करा. धानाचं पोतं काढता येते, मी तं निम्मी बी नाही राहिली." ते खरं होतं. बाज इतकी सहज बाहेर आली, की ओमेश्वर क्षणभर रिकामी तर नाही ना म्हणून पाहू लागला.

समोरच्या घरातल्या धुरपताबाईने पाहिलं ते असं: दारात टेम्पो, अंगणात कोंडा, फुटलेला नारळ, ओसरीवर बाज, आणि गुरुजी डोळे पुसताना. तिने जागच्या जागी हंबरडा फोडला. "माय वं, गेली वं माही जमुनाबाई! सोन्यासारखी बाई! कधी कोनाले रिकाम्या हातानं परत नाही लावलं वं!"

गाव जमायला काय वेळ लागतो! बायका पदर तोंडाला लावून आल्या, पुरुष डोक्याला दुपट्टे बांधून आले. एकाने तर बांबूची चौकशीही सुरू केली. धुरपताबाई रडत रडत ओसरीवर चढली, बाजेवर आडवी पडली, आणि बाजेवरून आवाज आला, "रड वं धुरपते, चांगली रडून राहिली. पन मांगच्या संक्रांतीले तं तू म्हनत होतीस का वाटीभर तेल देतानी जमुनीचा जीव जाते."

धुरपताबाई एकदम उठून बसली. कोणी हसलं, मग सगळेच हसले. रुक्माबाईंची अर्धी बाजू हसली. पण गंमत अशी झाली की हसता हसता रडणं परत सुरू झालं, आणि यावेळी ते कोणाला थांबवता येईना. इतके दिवस जमुनाबाई आत अंधारात होती. आज उजेडात आल्यावर सगळ्यांना पहिल्यांदाच दिसलं, की ती किती थोडी उरली आहे.

लोक हळूहळू पांगले, काही अंगणात टेकले. बाज आणि खुर्ची शेजारी शेजारी होत्या, एका उंचीवर. जमुनाबाईने चाचपत रुक्माबाईंचा हात घेतला.

"हा हात असा काऊन थंड?"

"हा गेलेला होय."

"मंग दुसरा दे."

"दुसऱ्यानं बिरेक धरून ठेवला हाय."

"सोड वं. कुठं पळून चालली?"

रुक्माबाईंनी ब्रेक सोडला. गुरुजींनी हळूच चाकाला पायाचा टेका दिला आणि ते दुसरीकडे पाहत उभे राहिले.

योगेश्वरी चहाचं विचारायला आली. जमुनाबाई म्हणाली, "रुक्मी आमच्या घरी ओसरीत चा पीत नाही. चुलीपाशी पिते." योगेश्वरीला काही कळेना. "तिले आत नेता नाही येत तं चूल बाहेर आन ना. शेगडी आन, डबे आन, पाट आन." मग शेगडी आली, साखरेचा डबा आला, दुधाचं भांडं आलं, आणि भर अंगणासमोर, अर्ध्या गावादेखत, योगेश्वरीने दोघींच्या मधोमध बसून चहा केला. रुक्माबाईंनी स्वतः एका हाताने साखर टाकली. जास्त पडली. जमुनाबाई म्हणाली, "पडू दे. डॉक्टरनं मले आता काहीच बंद नाही सांगितलं."

दोघी फार बोलल्या नाहीत. जमुनाबाईला ऐकू कमी येत होतं, आणि रुक्माबाईंची जीभ लकव्यानंतर थकली की जड व्हायची. चहा पिऊन जमुनाबाईला झापड येऊ लागली, तेव्हा ऊन अंगणातून उतरलं होतं.

आता उतरायचं. चढाला जो उभा होता, तो उतार आता आणखीच उभा दिसत होता. सरळ उतरवलं तर रुक्माबाई पुढे तोल जाऊन पडल्या असत्या, म्हणून गुरुजींनी खुर्ची फिरवली आणि स्वतः मागे, खालच्या बाजूला उभे राहिले. उलटं उतरायचं, पाठ अंगणाकडे आणि तोंड ओसरीकडे. चाकं पन्हळीत आली. गुरुजी एकेक पायरी मागे उतरत होते.

जमुनाबाईने डोळे उघडले. "जाऊन राहिली का येऊन राहिली वं? तोंड तं माह्याकडंच हाय."

"जाऊन राहिली," रुक्माबाई म्हणाल्या.

"मंग हळू जा."

गुरुजी हळू गेले. चाकं कोंड्यावरून करकरत सरकत होती. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या; हात हलवायला एकीचा हात चाकावर होता आणि दुसरीचा उचलत नव्हता. पन्हळी संपल्या. चाकं अंगणात टेकली. टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला, ओमेश्वर म्हणाला, "आता सरळ करा गुरुजी, पुढं सपाटच हाय."

गुरुजींनी ऐकलं नाही. खुर्ची वळवली असती तर रुक्माबाईंची पाठ झाली असती. ते तसेच मागे मागे चालत राहिले, पाय अडखळला तरी, तुळशीला वळसा घालून, फाटकातून, रस्त्यापर्यंत, खुर्ची उलटीच ओढत.